पहिल्या तासाला परवाना वाचायला द्या: पर्यावरण कायदा शिकवणाऱ्यांना खुले पत्र

पर्यावरण कायद्याचा अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि तो शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. सांडपाण्याचे आणि धुराड्यांतल्या वायूंचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी विश्लेषक आहे. आमच्या अहवालांवरून कारखान्यांना नोटिसा जातात, कधी सांडपाणी किंवा धूर सोडायच्या परवान्याचे नूतनीकरण अडते, कधी प्रकरण न्यायालयात पोहोचते आणि मग आम्हाला साक्षीला बोलावले जाते. तिथे समोर जे तरुण वकील उभे असतात ते तुमचे विद्यार्थी. हुशार असतात, तळमळीचे असतात. स्टॉकहोमची १९७२ ची पर्यावरण परिषद, १९९२ चा रिओ जाहीरनामा, प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व, सगळे तोंडपाठ असते. पण हातातल्या अहवालातला आकडा कुठल्या ठिकाणच्या नमुन्याचा आहे, तो एका क्षणाचा आहे की चोवीस तासांचा, आणि ज्या मर्यादेशी त्याची तुलना चालली आहे ती परवान्यात नेमकी कशी लिहिली आहे, हे विचारायचे त्यांना सुचत नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांना सुचत नाही. नदीचे काय होणार हे ज्या प्रश्नावर अवलंबून असते, तो न विचारताच सुनावणी संपते.

म्हणून हे पत्र. विनंती एकच आहे. पर्यावरण कायद्याची ओळख जाहीरनाम्यांपासून करून देऊ नका. परवान्यापासून आणि मोजमापापासून सुरुवात करा. तत्त्वे नंतर येऊ द्यात. तोवर विद्यार्थ्यांना त्यांची गरज वाटू लागलेली असेल आणि ती नीट कळतील.

इतिहासही हाच क्रम दाखवतो. १८६३ साली ब्रिटनच्या संसदेने अल्कली कायदा केला. साबण, काच आणि कापडाच्या धंद्याला लागणारा सोडा तेव्हा लेब्लांक पद्धतीने तयार होई आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचे लोट बाहेर पडत. आजूबाजूची झाडे वाळत, पिके करपत, लोखंड गंजून जाई. शेजारच्या जमीनमालकांनी उपद्रवाचे दावे लावून पाहिले होते. पण एकाच गावात अनेक कारखाने असले, तर आपले झाड नेमके कोणाच्या चिमणीने जाळले हे सिद्ध कसे करायचे? नव्या कायद्याने हा प्रश्नच बाजूला ठेवला. नुकसान झाले की नाही हे सिद्ध करायची गरज उरली नाही. प्रत्येक कारखान्याने या वायूपैकी किमान ९५ टक्के वायू पाण्यात शोषून घ्यायचा, आणि तो तसा घेतला जातो की नाही हे सरकारी निरीक्षकाने आत जाऊन मोजायचे. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. मर्यादा, मोजमाप, आत शिरण्याचा अधिकार असलेला निरीक्षक: आज जगभर प्रदूषण नियंत्रणाचा जो सांगाडा दिसतो तो इथे उभा राहिला. 'पर्यावरण' नावाचा कायद्याचा विषय तेव्हा कोणी शिकवतही नव्हते.

या कायद्याचे पुढे काय झाले ते तर वर्गात शिकवायलाच हवे. मर्यादा टक्क्यांत होती. सोड्याचे उत्पादन वाढत गेले तसे ९५ टक्के शोषूनही उरणारे पाच टक्के वाढत गेले. नियम पाळला जात होता आणि हवा बिघडत होती. शेवटी १८७४ मध्ये चिमणीतून निघणाऱ्या दर घनफूट वायूत आम्ल ०.२ ग्रेनपेक्षा (ग्रेन हे वजनाचे जुने इंग्रजी माप) जास्त नसावे, अशी दुसऱ्या प्रकारची मर्यादा आली. शिवाय शोषलेल्या आम्लाचे काय करायचे यावर पहिला कायदा गप्प होता. तो फक्त हवेचा कायदा होता. त्यामुळे बरेचसे आम्ल ओढ्यानाल्यांत सोडले गेले. हवेतून काढलेली घाण पाण्यात आणि पाण्यातून काढलेली गाळात, हा खेळ अजूनही चालू आहे. युरोपने १९९६ मध्ये हवा, पाणी आणि कचरा या तिन्हींचा एकत्र विचार करणाऱ्या परवान्याचा निर्देश काढला, तो याच अनुभवातून. विद्यार्थ्याच्या हातात परवाना पडला की त्याने पहिल्यांदा हे बघावे: इथे जे अडवले आहे ते पुढे कुठे जाते?

आता पाण्याकडे येते, कारण माझे रोजचे काम त्यातच आहे.

सांडपाण्याच्या बहुतेक मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. समजा बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जितका ऑक्सिजन वापरतात त्या मापाची, मर्यादा ३० आहे आणि कारखान्याच्या पाण्याचा बीओडी ९० येतो आहे. त्यात दुप्पट स्वच्छ पाणी मिसळले की आकडा ३० वर येतो. अहवालावर सगळे ठीक. नदीत जाणारी घाण किलोमध्ये मोजली तर एक ग्रॅमही कमी झालेली नाही, वर तेवढे चांगले पाणी वाया गेले. म्हणून नीट लिहिलेल्या परवान्यात तीव्रतेच्या मर्यादेसोबत दिवसाला किती पाणी सोडायचे आणि त्यातून एकूण किती किलो प्रदूषक जाऊ शकते हेही लिहिलेले असते. या तीनपैकी फक्त तीव्रतेची ओळ ठेवली, तर मर्यादा नुसती कागदावर राहते. हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो. तरीही अनेक प्रकरणांत दोन्ही बाजूंची अख्खी लढाई फक्त तीव्रतेच्या आकड्यावर झालेली मी पाहिली आहे, आणि प्रवाहमापकाची नोंदवही कोणी मागवलेली नसते.

हे आकडे आले कुठून, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीवर नेमलेल्या राजआयोगाने १९१२ साली आपल्या आठव्या अहवालात एक मानक सुचवले: बीओडी २०, तरंगते घन पदार्थ ३०. पुढे पाऊण शतक हे आकडे जगभर फिरले. पण आयोगाने त्याला एक अट जोडली होती. हे पाणी ज्या नदीत सोडायचे, तिच्यात किमान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. आकडे गेले, अट मागे राहिली. वर्षातले काही महिने कोरड्या पडणाऱ्या नद्यांच्या देशांतही तसेच आकडे लागू झाले. तिथे उन्हाळ्यात पात्रात जे वाहते ते बहुतांशी प्रक्रिया केलेले किंवा न केलेले सांडपाणीच असते, पातळ करायला दुसरे पाणीच नसते. अशा नदीत प्रत्येक कारखाना मानक पाळत असूनही मासा जगत नाही. मग न्यायालयात कारखाना म्हणतो, मी नियमात आहे. गावकरी म्हणतात, नदी मेली आहे. दोघेही खरे बोलत असतात. हा पेच कायद्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या आठवड्यात समजला, तर नदी किती घाण सोसू शकते ते पाहून परवाने ठरवावेत ही मागणी तो स्वतःच करू लागेल.

मानक नसताना कायदा किती पोकळ असतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण जपानमधल्या मिनामाटाचे. तुमच्या अभ्यासक्रमात मिनामाटा असते, पण बहुधा पाऱ्यामुळे झालेला आजार म्हणून आणि २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावात. कायद्याची खरी गोष्ट वेगळी आहे. १९५६ च्या मे महिन्यात या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिसो कंपनीच्या कारखान्यातून पाऱ्याची संयुगे समुद्रात जात होती, माशांत साठत होती आणि ते मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांची मज्जासंस्था उद्ध्वस्त करत होती. जपानने १९५८ मध्ये पाण्याच्या दर्जाबद्दल आणि कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दोन कायदे केले. म्हणजे कायदा होता. पण तो लागू व्हायचा तर तो जलभाग सरकारने अधिसूचित करायला हवा होता आणि त्याची मानके ठरवायला हवी होती. मिनामाटाच्या बाबतीत ते १९६९ पर्यंत झाले नाही. ज्या प्रक्रियेतून पारा जात होता ती कंपनीने आदल्या वर्षीच बंद केली होती. मधल्या दशकात किती बाळे जन्मतःच आजारी झाली याचा विचार केला की मला अजूनही कसेतरी होते. २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९६० पासून हे अधिकार न वापरणे बेकायदा होते आणि केंद्र सरकार व कुमामोतो प्रांत दोघेही जबाबदार आहेत. अधिकार असून तो न वापरणे हाही गुन्ह्याइतकाच गंभीर दोष ठरू शकतो, हे शिकवायला याहून चांगला निकाल मला माहीत नाही.

याच प्रकरणातली आणखी एक घटना आहे. डिसेंबर १९५९ मध्ये कारखान्याने सांडपाणी शुद्धीकरणाचे नवे यंत्र बसवले आणि उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी पेलाभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवले. ते यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते. पाणी स्वच्छ दिसत होते. लोकांचा विश्वास बसला, मासेमारी पुन्हा वाढली. कुठला घटक तपासला, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता.

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीसोबत एक फॉर्म येतो. त्यावर ज्या घटकांपुढे खूण असते तेवढेच आम्ही तपासतो. पारा, शिसे, फिनॉल यांपैकी ज्यापुढे खूण नाही, त्याबद्दल आमचा अहवाल काहीच सांगत नाही. तो 'नाही' असेही सांगत नाही. आणि जिथे आम्ही 'आढळले नाही' असे लिहितो तिथे त्याचा अर्थ एवढाच, की आमच्या उपकरणाला जितके ओळखता येते त्याहून कमी आहे. ती किमान पातळी अहवालात लिहिलेली असते. तिच्याकडे बघणारा वकील क्वचित भेटतो. कधी कधी ती पातळी कायद्याच्या मर्यादेच्याही वर असते, म्हणजे ती चाचणी त्या कामाला निरुपयोगीच होती.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मोजतो कोण आणि त्याचे पैसे कोण देतो?

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने एक धाडसी गोष्ट केली. नदीत काहीही सोडायला परवाना सक्तीचा केला आणि परवानाधारकाने स्वतःच नमुने घेऊन, स्वतःच्या सहीने नियमित अहवाल द्यायचे ठरवले. हे अहवाल कोणालाही बघता येतात. मर्यादा ओलांडल्याची नोंद कारखान्याच्याच सहीच्या कागदावर असली की वेगळा पुरावा फारसा लागत नाही. त्याच कायद्याने सामान्य नागरिकाला थेट दावा लावायची मुभा दिली. खोटा अहवाल देणे हा वेगळा, फौजदारी गुन्हा. या सगळ्या गोष्टी एकत्र आहेत म्हणून ती पद्धत चालते. स्वतःच मोजा एवढाच भाग उचलला आणि जाहीर करणे, दावा लावणे, खोटेपणाला शिक्षा हे मागे ठेवले, तर तो भाग कारखान्यालाच सोयीचा होतो.

दुसरी वाट म्हणजे कारखान्याचे प्रदूषण तपासणारा त्रयस्थ लेखापरीक्षक. गुजरातमध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत संशोधकांनी याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित पद्धतीत कारखाना आपला परीक्षक स्वतः निवडत असे आणि त्याचे पैसे स्वतः देत असे. त्या परीक्षकांनी दिलेले आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीने जमलेले आढळले. प्रयोगात काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमून दिला, त्याचे पैसे सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या काही मोजमापांची पुन्हा तपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. कायद्यातले एकही मानक बदललेले नव्हते. बदलले ते फक्त परीक्षक कोण निवडतो, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून येतात आणि त्याचे काम कोण तपासतो एवढेच. हा प्रयोग प्रत्येक अभ्यासक्रमात असायला हवा आणि तो अर्थशास्त्राचा म्हणून बाजूला टाकू नये. परीक्षकाचा करार हाही कायद्याचाच कागद आहे.

फोक्सवॅगनचे २०१५ चे प्रकरण तुम्ही शिकवत असालच. गाडीची उत्सर्जन चाचणी चालू आहे हे तिच्या सॉफ्टवेअरला ओळखता येत होते. तेवढ्यापुरते नियंत्रण पूर्ण चालू, रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन अमेरिकी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. फसवणूक म्हणून हे प्रकरण शिकवले जाते ते बरोबरच आहे. पण कायद्याच्या मसुद्याच्या बाजूने पाहिले तर चाचणीची पद्धत आधीपासून ठाऊक, ठरलेली आणि बंद खोलीतली होती. अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजण्याचे उपकरण गाडीच्या मागे बांधून ती रस्त्यावर चालवली तेव्हा फरक उघड झाला. त्यानंतर २०१७ पासून युरोपात प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी सक्तीची झाली. नियमाचा अर्धा भाग मर्यादेत असतो आणि अर्धा चाचणीच्या पद्धतीत.

आणि मोजणी झालीच नाही तर? उपकरण बंद पडले, वीज गेली, दुरुस्ती चालू होती. अशी कारणे रोज येतात आणि त्यातली काही खरीही असतात. अमेरिकेच्या आम्लवर्षा कार्यक्रमात, जो १९९० च्या कायदादुरुस्तीतून आला आणि ज्यात सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचे हक्क विकता येतात, यावर एक साधा नियम आहे. चिमणीवरचे उपकरण जितका वेळ बंद असेल तितक्या वेळासाठी उत्सर्जन जास्तीचे धरायचे. बंद राहण्याचे प्रमाण जितके वाढेल तितका धरलेला आकडाही चढत जातो. मग उपकरण चालू ठेवणे कारखान्याच्याच फायद्याचे ठरते. निरीक्षकाला धावावे लागत नाही. नियमाच्या पुस्तकातल्या अशा कोरड्या परिशिष्टात मला कधी कधी मोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा जास्त शहाणपण दिसते, आणि ते लिहिणाऱ्या अनाम माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता नमुन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हे तुम्हाला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

सांडपाण्यातले जिवाणू बाटलीतही जिवंत असतात. बाटली थंड ठेवली नाही आणि ती वेळेत प्रयोगशाळेत आली नाही, तर वाटेतच ते बरीचशी सेंद्रिय घाण खाऊन टाकतात आणि बीओडीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे निरीक्षकाच्या गाडीत बर्फ नसणे हे थेट प्रदूषकाच्या पथ्यावर पडते. धातूंच्या नमुन्यात जागेवरच नायट्रिक आम्ल घालावे लागते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतात. एका क्षणी भरलेल्या बाटलीला आम्ही ग्रॅब म्हणतो, ठरावीक वेळाने थोडे थोडे गोळा करून एकत्र केलेल्या नमुन्याला कॉम्पोझिट. रात्री टाकी रिकामी करणाऱ्या कारखान्याचा दुपारचा ग्रॅब नमुना निर्मळ येतो. यातली एकेक गोष्ट उलटतपासणीतला एकेक प्रश्न आहे.

भारताच्या १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातले कलम २१ यासाठीच वाचायला द्या. नमुना घेताना तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, कारखान्याने मागितले तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. हे पाळले नाही तर त्या विश्लेषणाचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य धरता येत नाही. हवेच्या १९८१ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. काही जणांना हा तांत्रिक जाच वाटतो. मला वाटत नाही. प्रामाणिक कारखान्याला खोट्या आरोपापासून तोच वाचवतो. पण निरीक्षकाला आणि त्याच्या बाजूच्या वकिलाला हे कलम आधी माहीत नसेल, तर वर्षभराची मेहनत एका न केलेल्या सहीवर कोसळते. मी अशी प्रकरणे पाहिली आहेत. पाणी काळे होते, आकडे भयंकर होते आणि निकाल कारखान्याच्या बाजूने लागला.

सरासरीचे राजकारणही वर्गात यायला हवे. हवेतल्या सूक्ष्म धुलिकणांसाठी, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली. भारताच्या २००९ च्या मानकात ती ४० आहे. शरीर दोन्हीकडे तेच. फरक आहे तो सरकारने काय शक्य मानले याचा, आणि तो निर्णय विज्ञानाच्या नावाखाली झाकू नये. २४ तासांच्या सरासरीचे मानक वेगळे असते आणि भारतात ते वर्षातल्या ९८ टक्के वेळा पाळायचे असते. उरलेल्या दोन टक्क्यांत साधारण सात दिवस मावतात. ते सात दिवस कोणते, हे दम्याच्या रुग्णाला चांगले ठाऊक असते.

इथवर आल्यावर तत्त्वे शिकवा. सावधगिरीचे तत्त्व तेव्हा आपोआप उलगडते, कारण विद्यार्थ्याने पाहिलेले असते की मोजमाप नेहमी उशिरा येते. ठोस पुरावा येईपर्यंत थांबायचे ठरवले की मिनामाटासारखी बारा-तेरा वर्षे जातात. प्रदूषकाने किंमत मोजावी हे तत्त्वही तेव्हा हवेत राहत नाही. कोणाची किती घाण हे किलोमध्ये ठाऊक असले तरच बिल काढता येते. आणि जिथे एकाच रात्रीत सगळे घडते, तिथे निष्काळजीपणा सिद्ध करत बसायची वेळच येऊ नये, म्हणून भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर सुमारे वर्षभराने दिल्लीत झालेल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये संपूर्ण जबाबदारीचा सिद्धांत मांडला. धोकादायक धंदा करणाऱ्याला कसलीही सबब नाही. इंग्लंडमधल्या १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निकालातून अशा जबाबदारीला आलेले अपवादही न्यायालयाने बाजूला सारले. मोजमापाच्या कायद्याला जिथे मर्यादा पडते तिथे हा सिद्धांत उभा राहतो, आणि त्या क्रमाने शिकवला तर त्याचे मोठेपण दिसते.

ट्रेल स्मेल्टरच्या निवाड्याचेही तेच. कॅनडातल्या धातू गाळणाऱ्या कारखान्याचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली शेते जाळत होता. १९४१ च्या अंतिम निवाड्यातले, कोणत्याही देशाला आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याला धुराने इजा होईल असा करता येणार नाही, हे वाक्य सगळे पाठ करतात. पण त्याच निवाड्यात लवादाने पुढे जाऊन वायू नोंदवणारी उपकरणे बसवायला लावली आणि ऋतू, वेळ आणि वारा बघून तासाला किती सल्फर सोडता येईल हे ठरवून दिले. ती पाने वाचायला द्या. आंतरराष्ट्रीय कायद्यातला तो परवानाच आहे.

माहितीच्या हक्कालाही जागा द्या. भोपाळनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कारखान्यांना दरवर्षी कुठली विषारी रसायने किती सोडली ते जाहीर करायला लावले. मर्यादा घातली नाही, फक्त जाहीर करायला सांगितले. आकडे लोकांसमोर आल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून कपात जाहीर केली. युरोपात झालेल्या १९९८ च्या आर्हुस कराराने पर्यावरणाबाबत माहिती, निर्णयात सहभाग आणि न्याय हे तीन हक्क एकत्र बांधले. या तिघांमधला माहितीचा हक्क गेला की बाकीचे दोन लंगडे पडतात.

आणि मोजमाप मोठ्यातल्या मोठ्या करारालाही कसे सावरते ते सांगायचे असेल तर मॉन्ट्रियल कराराकडे या. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या या कराराला जगातला सर्वांत यशस्वी पर्यावरण करार म्हणतात. त्या थराला इजा करणाऱ्या सीएफसी-११ या वायूचे उत्पादन २०१० पर्यंत सगळीकडे थांबायचे होते. पण २०१८ मध्ये हवेच्या दीर्घकालीन नोंदींवरून शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की त्याचे प्रमाण अपेक्षेइतके उतरत नाही. कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या मोजमापांनी पुढच्या वर्षी बोट पूर्व चीनकडे दाखवले. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा झपाट्याने घटले. कुठल्याही देशाने आपल्या अहवालात हे उत्पादन कळवलेले नव्हते. बेटांवर आणि डोंगरमाथ्यांवर वर्षानुवर्षे हवेचे नमुने भरणाऱ्या लोकांमुळे ते सापडले.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हा तर प्रयोगशाळेचा तास झाला, कायद्याचा नव्हे. मला हा आक्षेप समजतो. विद्यार्थ्याकडे वेळ कमी असतो आणि निकालांची यादी लांब. पण वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले लढणारा वकील शस्त्रक्रिया करायला शिकत नाही. तो रुग्णाची फाइल मात्र वाचायला शिकतो. एवढेच मागते आहे. परवाना, नमुन्याचा फॉर्म, प्रयोगशाळेचा अहवाल, प्रवाहमापकाची नोंद हे चार कागद वाचता आले पाहिजेत. निरीक्षकांची संख्या सगळीकडेच अपुरी असते. अशा वेळी कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाने आपल्याकडचे कागद घेऊन ज्याच्याकडे जावे असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे वकील. त्याने ते कागद बाजूला सारून आधी राज्यघटनेचे कलम काढले, तर तो शेजारी राहणारा माणूस हरतो.

परीक्षेबद्दल एक ठोस सूचना. एका प्रश्नात कल्पित कारखान्याचा परवाना द्या आणि त्याच्या एका महिन्याच्या तपासण्यांचे अहवाल द्या. विचारा: कायदा मोडला आहे का? मोडला असेल तर कुठल्या दिवशी, कुठली अट, आणि हे न्यायालयात टिकेल का? एका अहवालात तीव्रता मर्यादेत पण पाण्याचे प्रमाण दुप्पट ठेवा. एका बाटलीवर सही नसू द्यात. एका घटकाची तपासणीच झालेली नसू द्यात. महिन्यातले चार दिवस उपकरण बंद असल्याची नोंद ठेवा, आणि त्याच चार दिवसांत खालच्या गावाची मासे मेल्याची तक्रार जोडा. याला एकच बरोबर उत्तर नसेल. ज्याने परवान्यात त्या बंद दिवसांसाठी काय अट आहे ते शोधले आणि तशी अट नसेल तर पुढच्या नूतनीकरणात ती घालायची मागणी लिहिली, त्याला पूर्ण गुण द्या.

नमुना कसा घेतात हे दाखवायला आमच्यासारखे लोक तुमच्या महाविद्यालयात आनंदाने येतील. अर्धा दिवस पुरतो. शक्यतो नदीला पाणी कमी असते अशा दिवसांत बोलवा, म्हणजे नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही नमुने विद्यार्थ्यांना स्वतः भरता येतील. दोन्ही बाटल्यांवर ठिकाण, वेळ आणि सही त्यांनीच घालायची.

आपली नम्र,
एक विश्लेषक